जिनिंगच्या काट्यावरचा उबंटू १६.०४ सर्व्हर २४.०४ वर न्यायचा आहे: जागच्या जागी की नवीन डिस्कवर?

कपाशी_काटा

नमस्कार मंडळी. पांढरकवड्याच्या बाजूला एका जिनिंग-प्रेसिंगच्या काटा-ऑफिसात हा सर्व्हर आहे. तपशील आधीच देतो, म्हणजे विचारपूस कमी लागेल.

टॉवर मशीन, ६४-बिट प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची एकच फिरती हार्डडिस्क. उबंटू सर्व्हर १६.०४. त्यावर अपाचे (वेब सर्व्हर), पीएचपी ७.० (पानांच्या कोडची भाषा), मायएसक्यूएल ५.७ (डेटाबेस) आणि सांबा (विंडोजशी फायली वाटून घेण्यासाठी). डेटाबेस सुमारे ६ जीबी. काट्याचा इंडिकेटर यूएसबी-सिरीयल वायरीने थेट सर्व्हरला जोडलेला आहे, काटापट्टी डॉट मॅट्रिक्सवर छापते. हिशेबाच्या खोलीत एक विंडोज एक्सपीचं मशीन आहे, त्यातला जुना प्रोग्राम सांबाच्या फोल्डरमध्ये फायली लिहितो. /बूट (कर्नल म्हणजे सिस्टमचा गाभा जिथं राहतो तो डिस्कचा भाग) वेगळं आहे, २५० एमबीचं, ९४ टक्के भरलेलं. इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाला २ जीबी.

तीन प्रश्न आहेत. १६.०४ वरून थेट २४.०४ वर जाता येतं का? जागच्या जागी अपग्रेड करावं की नवीन डिस्कवर नव्याने बसवावं? आणि शेतकऱ्यांची, गावांची नावं मराठीत भरलेली आहेत, त्यांना धक्का लागणार नाही ना?

आज्ञा आपल्या नेहमीच्या पद्धतीने देवनागरीतच लिहू, टंकताना रोमनमध्ये टंकायच्या.

वऱ्हाडी_टक्स

भाऊ, थेट उडी मारता येत नाही. एलटीएसवरून (जास्त वर्षं सपोर्ट मिळणाऱ्या आवृत्तीवरून) फक्त पुढच्याच एलटीएसवर जाता येते. म्हणजे १६.०४ वरून १८.०४, मंग २०.०४, मंग २२.०४, मंग २४.०४. चार टप्पे. प्रत्येक टप्प्यात काय बदलते ते आधी पाहून घ्या:

१८.०४: पीएचपी ७.२, मायएसक्यूएल ५.७
२०.०४: पीएचपी ७.४, मायएसक्यूएल ८.०
२२.०४: पीएचपी ८.१, मायएसक्यूएल ८.०
२४.०४: पीएचपी ८.३, मायएसक्यूएल ८.०

जागच्या जागी करायचं तर पहिले '/बूट' मोकळं करा. 'युनेम -आर'ने चालू कर्नल कोणता ते पाहा, मग 'ॲप्ट-गेट ऑटोरिमूव्ह --पर्ज'. जुन्या कर्नलच्या फायली हाताने 'आरएम' करू नका. पॅकेज व्यवस्थेला त्या आहेतच असं वाटत राहते आणि पुढच्या वेळी ती त्यावरच अडते.

मग 'ॲप्ट-गेट अपडेट', 'ॲप्ट-गेट डिस्ट-अपग्रेड', एक रीबूट, आणि मग 'डू-रिलीज-अपग्रेड'. '/ईटीसी/अपडेट-मॅनेजर/रिलीज-अपग्रेड्स' या फाईलीत 'प्रॉम्प्ट=एलटीएस' आहे ना ते पाहा. दुरून एसएसएचने करत असाल तर तो पोर्ट १०२२ वर जादा एसएसएच उघडून ठेवते, फायरवॉलमध्ये तो पोर्ट खुला करून ठेवा. बाहेरचे पीपीए (पॅकेजांचे खासगी साठे) तो स्वतःच बंद करते, नंतर एकेक तपासून चालू करावे लागतात.

मधात 'फाईल बदललेली आहे, जुनी ठेवू की नवीन घेऊ' असं विचारते. तिथं घाईनं वाय दाबू नका. 'डी' दाबून फरक पाहा. जुनी ठेवली तर नवीन '.डीपीकेजी-डिस्ट' नावानं बाजूला राहते, नवीन घेतली तर जुनी '.डीपीकेजी-ओल्ड' म्हणून राहते.

पैनगंगा

वरची माहिती बरोबर आहे, पण या मशीनसाठी मी जागच्या जागी करायला सांगणार नाही. माझं मत स्पष्ट आहे: नवीन एसएसडी, त्यावर नव्याने २४.०४, आणि फक्त डेटा व कोड आणायचा. जुनी हार्डडिस्क काढून कपाटात ठेवायची, तिला हात लावायचा नाही.

कारणं सांगतो. चार टप्पे म्हणजे चारदा पॅकेजं उतरवणं. दिवसाला २ जीबीच्या डेटात ते मधेच अडकणार, आणि अर्धवट उतरलेलं अपग्रेड ही सर्वांत वाईट अवस्था. दुसरं, १८.०४ वरून २०.०४ वर जाताना मायएसक्यूएल ५.७ चं ८.० होतं. त्या क्षणी डेटाची आतली रचना बदलते आणि मागे फिरायला वाट राहत नाही. १६.०४ च्या मूळ कॉन्फिगमध्ये 'क्वेरी_कॅश_लिमिट' आणि 'क्वेरी_कॅश_साईझ' या दोन ओळी असतात. ८.० मधून क्वेरी कॅश काढूनच टाकलं आहे. जुनी फाईल तशीच ठेवली तर सर्व्हिस उठत नाही, पॅकेज अर्धवट अवस्थेत लटकतं, आणि त्याच्यामागे बाकीची रांगही थांबते. 'एसक्यूएल_मोड'मध्ये 'नो_ऑटो_क्रिएट_युझर' लिहिलेलं असलं तरी हेच होतं. कधीकधी '/ईटीसी/मायएसक्यूएल/फ्रोझन' नावाची फाईल तयार झालेली दिसते. ती पॅकेजने मुद्दाम केलेली असते. आधी ती वाचा, कारण दूर करा, मगच काढा.

तिसरं कारण सगळ्यांत मोठं. डिस्क एकच आहे. वीज गेली आणि यूपीएसने दगा दिला तर तुमच्याकडे ना जुनं राहील ना नवीन. एसएसडीवर नवीन बसवलं तर जुनी डिस्क परत लावून दहा मिनिटांत काटा सुरू होतो.

१६.०४ चा नेहमीचा सपोर्ट एप्रिल २०२१ मध्येच संपला. १८.०४ चा मे २०२३ मध्ये आणि २०.०४ चा मे २०२५ मध्ये. तेव्हा मधल्या कुठल्या टप्प्यावर 'सध्या इथंच राहू' म्हणण्यातही अर्थ नाही. २४.०४ ला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे.

वेळ कधीची धरणार? मे महिन्यात इकडे पारा पंचेचाळिसाच्या वर असतो आणि भारनियमनही असतं. माझं मत, पोळा आणि तान्हा पोळा हे दोन दिवस धरा. जिनिंग बंद असते, हातात सलग दोन दिवस मिळतात, आणि नवीन कापूस यायला मधे महिनाभर राहतो. काही चुकलंच तर तो महिना कामी येतो. दसऱ्यानंतर मात्र हात लावू नका.

वऱ्हाडी_टक्स

मान्य आहे. एक डिस्क आणि हॉटस्पॉट म्हटल्यावर नवीन एसएसडीच बरी. टप्प्याटप्प्यानं करणं तिथं शोभते जिथं व्हर्च्युअल मशीन आहे आणि स्नॅपशॉट घेता येतो.

संत्राबाग

यंत्राच्या बाजूचं लिहितो. सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी हे करायचं.

जिनिंगमध्ये रुईचा तंतू कॅबिनेटमध्ये जाऊन बसतोच. हीटसिंकच्या पात्यांमध्ये त्याची गादी होते. बाजूचं झाकण काढा, मऊ ब्रश आणि ब्लोअर घ्या. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा फिरू दिला तर बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकलेली असेल तर बदला, वाटाण्याएवढा ठिपका पुरतो.

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलून टाका. हा सेल गेलेला असला की वीज गेल्यावर घड्याळ जुन्या तारखेवर जातं. मग 'ॲप्ट' म्हणतं रिलीज फाईल अजून वैध नाही, सर्टिफिकेटं चालत नाहीत, आणि माणूस इंटरनेटमध्ये दोष शोधत बसतो. काटापट्टीवर चुकीची तारीख छापली जाते ते वेगळंच.

जुन्या डिस्कची तब्येत 'स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए'ने पाहा. क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर आणि क्रमांक १९७ म्हणजे प्रलंबित सेक्टर. या दोन ओळींतला शेवटचा आकडा शून्य असावा. १९७ मध्ये आकडा दिसला तर साध्या कॉपीच्या भानगडीत पडू नका, आधी 'डीडीरेस्क्यू'ने पूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर काढा.

यूपीएसची परीक्षा बॅटरीचा दिवा पाहून होत नाही. सर्व्हर बंद ठेवा, तेवढ्याच वॅटचे बल्ब लावा, भिंतीतला प्लग काढा आणि घड्याळ लावा. पंधरा मिनिटं टिकत नसेल तर आधी बॅटरी बदला. घरगुती इन्व्हर्टर वीज गेल्यावर बदलायला जो क्षण घेतो त्यात मशीन रीस्टार्ट होऊ शकतं, म्हणून इन्व्हर्टर असला तरी मधे यूपीएस हवाच.

एसएसडी लावताना जुन्या डिस्कच्या दोन्ही वायरी काढा, डेटाचीही आणि वीजेचीही. बूटचा क्रम बदलून भागत नाही. इन्स्टॉलरमध्ये चुकीची डिस्क निवडली तर काय होईल ते सांगायला नको.

कपाशी_काटा

स्मार्ट तपासलं. क्रमांक ५ वर ८, क्रमांक १९७ वर ०. नवीन ५०० जीबीची एसएसडी मागवतो. आयएसओ (इन्स्टॉलरची फाईल) कशी आणावी?

पैनगंगा

क्रमांक ५ वर ८ आहे, म्हणजे डिस्कने झीज दाखवायला सुरुवात केली आहे. आज लगेच डंप (डेटाबेसची फाईलीत काढलेली प्रत) घेऊन पेनड्राईव्हवर ठेवा, पोळ्याची वाट पाहू नका.

आयएसओ सुमारे ३ जीबीची आहे. तालुक्याला जिथं फायबर आहे तिथून उतरवा. 'एसएचए२५६सम' काढून अधिकृत पानावरच्या आकड्याशी जुळवा. अर्धवट उतरलेली आयएसओ बूट होते आणि मधेच फसते, तेव्हा पेनड्राईव्ह खराब की डिस्क खराब ते कळत नाही. पेनड्राईव्ह ८ जीबीचा पुरतो.

मांडणी साधी ठेवा. वेगळं '/बूट' करू नका, त्याचा त्रास आत्ता पाहताच आहात. '/' ला ६० जीबी, उरलेलं '/व्हार'ला, स्वॅप फाईल ४ जीबी.

जुन्या मशीनवरून काय काय उचलायचं: '/ईटीसी' संपूर्ण, '/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू', '/यूएसआर/लोकल', '/ऑप्ट', सांबाचे फोल्डर, आणि प्रत्येक युझरचं 'क्रॉनटॅब -एल'. क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) हमखास विसरतं, कारण ते '/ईटीसी'त नसून '/व्हार/स्पूल/क्रॉन' मध्ये असतं. पॅकेजांची यादी 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल'ने काढा. 'डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स'ची यादी नवीन मशीनवर ओतू नका. त्यात जुन्या लायब्ररींची शेकडो नावं असतात, जी २४.०४ मध्ये नाहीत. शोमॅन्युअलची यादीही डोळ्यांनी वाचून, हवी तेवढीच नावं घ्या.

'/ईटीसी' आणायचं ते वाचण्यासाठी, वरून टाकण्यासाठी नाही. नवीन मशीनवर '/रूट/जुनं-ईटीसी' असं ठेवा आणि हवी ती ओळ बघून नवीन फाईलीत लिहा.

नेटवर्क आता नेटप्लॅनमध्ये असतं. '/ईटीसी/नेटप्लॅन' मधल्या वायएएमएल फाईलीत स्थिर आयपी द्या, टॅब वापरू नका, फक्त स्पेस. 'नेटप्लॅन ॲप्लाय'ऐवजी 'नेटप्लॅन ट्राय' द्या. १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबला नाही तर जुनी मांडणी आपोआप परत येते. सर्व्हरचा आयपी जुनाच ठेवा, म्हणजे एक्सपी मशीनवर काही बदलावं लागणार नाही.

मेळघाट

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरा धोका तिथंच आहे. सिस्टम बिघडली तर पुन्हा बसवता येते. शेतकऱ्याचं नाव बिघडलं आणि ते सहा महिन्यांनी लक्षात आलं, तर मागे जाणं कठीण.

जुन्या पीएचपी प्रोग्रामांमध्ये बऱ्याचदा 'सेट_कॅरसेट' (डेटाबेसशी जोडणी कोणत्या अक्षरसंचात चालेल ते सांगणारी ओळ) दिलेलंच नसतं. मग जोडणी लॅटिन१ ची, म्हणजे युरोपीय अक्षरांच्या जुन्या संचाची राहते. ब्राउझर यूटीएफ-८ चे बाइट पाठवतो, मायएसक्यूएल त्यांना लॅटिन१ समजून पुन्हा यूटीएफ-८ करतं. वाचताना तीच चूक उलट होते, म्हणून पडद्यावर मराठी ठीक दिसतं. नवीन मशीनवर जोडणी नीट झाली की सगळं 'à¤' छापाच्या गिचमिड अक्षरांत दिसायला लागतं.

तुमच्याकडे कोणती अवस्था आहे ते एका प्रश्नात कळतं. ज्या नोंदीत गावाचं नाव फक्त 'वणी' आहे, शेवटी स्पेस नाही, ती घ्या आणि 'सिलेक्ट कॅर_लेंग्थ(गाव), लेंग्थ(गाव)' चालवा. वणी या शब्दात तीन संकेतबिंदू आहेत: व, ण आणि दीर्घ ईकार. प्रत्येकाचे तीन बाइट.

३ आणि ९ आलं, तर डेटा शुद्ध आहे.
९ आणि ९ आलं, तर टेबलच लॅटिन१ चं आहे आणि आत यूटीएफ-८ चे कच्चे बाइट आहेत.
९ आणि १९ आलं, तर डेटा दुहेरी कोंडलेला आहे. १८ ऐवजी १९ का? ईकाराचा शेवटचा बाइट मायएसक्यूएलच्या लॅटिन१ मध्ये युरोचं चिन्ह होतो आणि त्याला तीन बाइट लागतात.

कोणतंही उत्तर आलं तरी इथं टाका, मग पुढची आज्ञा सांगतो. अंदाजाने डंप घेऊ नका.

कपाशी_काटा

९ आणि १९. पण गेल्या वर्षीच्या काही नोंदींत ३ आणि ९ येतं. तेव्हा मोबाईलवरून भरण्यासाठी नवीन पान केलं होतं.

मेळघाट

म्हणजे मिश्र आहे. नवीन पानात कॅरसेट दिलेला असणार. पूर्ण शुद्ध किंवा पूर्ण दुहेरी असता तर सोपं होतं. पूर्ण दुहेरी डेटासाठी डंप '--डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=लॅटिन१ --स्किप-सेट-कॅरसेट' देऊन घेतात आणि 'यूटीएफ८एमबी४' देऊन भरतात, कोंडलेलं आपोआप सुटतं. तुमच्याकडे हे करू नका. शुद्ध मराठी लॅटिन१ मध्ये मावत नाही, त्या नोंदींची प्रश्नचिन्हं होतील आणि ती परत येत नाहीत.

तुमचा मार्ग असा. डंप सरळ घ्या:

मायएसक्यूएलडंप --सिंगल-ट्रान्झॅक्शन --रूटीन्स --ट्रिगर्स --इव्हेंट्स --हेक्स-ब्लॉब --डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४ --डेटाबेसेस काटा

'मायएसक्यूएल' नावाचा आतला डेटाबेस डंपमध्ये घेऊ नका, त्याची रचना ८.० मध्ये बदलली आहे. युझर नव्याने तयार करा. आणि 'शो टेबल स्टेटस'मध्ये इंजिन (टेबल साठवायची पद्धत) पाहा. सिंगल-ट्रान्झॅक्शनची हमी फक्त इनोडीबीला आहे. मायआयसॅमची टेबलं असतील तर डंप घेताना अपाचे बंद ठेवा आणि आधी 'मायएसक्यूएलचेक' चालवा. वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी मायआयसॅमची टेबलं तुटलेली निघतात. नवीन मशीनवर ती इनोडीबी करून टाका.

भरल्यावर नवीन मशीनवर दुरुस्ती:

अपडेट आवक सेट गाव = कन्व्हर्ट(बायनरी कन्व्हर्ट(गाव यूझिंग लॅटिन१) यूझिंग यूटीएफ८एमबी४) व्हेअर हेक्स(गाव) लाईक '%सी३ए०सी२ए४%'

हेक्समधला तो तुकडा म्हणजे देवनागरीचे पहिले दोन बाइट ई० आणि ए४ दुहेरी कोंडले की जे होतं ते. देवनागरीतली जवळजवळ सगळी मूळ व्यंजनं या ई०ए४ पट्ट्यात येतात, त्यामुळे दुहेरी नोंद अटीतून निसटत नाही आणि शुद्ध नोंदीला हात लागत नाही. नाव, गाव, शेरा, दलाल, प्रत्येक स्तंभासाठी वेगळी ओळ. आधी त्याच अटीवर 'सिलेक्ट' करून पन्नास नोंदी डोळ्यांनी वाचा, मगच 'अपडेट'. एकाच नोंदीवर दोनदा चालवलं तरी अट दुसऱ्यांदा लागू होत नाही, ती भीती नाही.

त्याच दिवशी सर्व पीएचपी पानांत 'सेट_कॅरसेट यूटीएफ८एमबी४' टाका. दुरुस्ती आणि ही ओळ एकत्रच व्हायला हवी, नाहीतर नवीन नोंदी पुन्हा मिश्र होतील.

आणखी एक. काही ठिकाणी जुनी नावं कृतीदेव किंवा तत्सम फॉन्टमध्ये टंकलेली असतात. ती डेटाबेसमध्ये साधी इंग्रजी अक्षरंच असतात, वरचा कुठलाच उपाय त्यांना लागू नाही. त्यांचं रूपांतर वेगळं करावं लागतं आणि ते माणसाने वाचून तपासावं लागतं. जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात.

धाम_नदी

मेळघाट यांनी डेटाचं सांगितलं, मी कोडचं सांगतो. ७.० वरून ८.३ ला जाताना पानागणिक चुका निघतात. कोडच्या फोल्डरमध्ये प्रत्येक फाईलीवर 'पीएचपी -एल' चालवा, वाक्यरचनेच्या चुका तिथंच कळतात. मग 'ग्रेप'ने शोधा: 'ईच(' आणि 'क्रिएट_फंक्शन', दोन्ही ८.० मध्ये काढले आहेत. 'एमक्रिप्ट' ७.२ मध्येच गेलं. महिरपी कंसाने अक्षर काढण्याची पद्धत आता चालत नाही.

शोधून सापडत नाहीत अशा दोन गोष्टी आहेत, त्या काट्यासाठी महत्त्वाच्या. एक, पूर्वी शून्य आणि रिकामी अक्षरमाला समान धरली जायची, ८.० पासून धरत नाहीत. रिकाम्या गाडीचं वजन अजून भरलं नाही हे तपासताना कोडमध्ये 'वजन == ०' असं लिहिलं असेल आणि वजन रिकामी अक्षरमाला असेल, तर आता ती अट खोटी ठरते आणि निव्वळ वजन चुकीचं निघू शकतं. दोन, ८.१ पासून मायएसक्यूएलआय चूक झाली की थेट अपवाद फेकतं. पूर्वी गुपचूप पुढे जाणारी पानं आता पांढरी पडतील. ती पांढरी पडणं चांगलंच आहे, चूक लपून होती ती दिसते. लॉग वाचून दुरुस्त करा.

मायएसक्यूएल ८.० मध्ये 'ग्रुप बाय' आता आपोआप क्रम लावत नाही. गावनिहाय आवक-पत्रक पूर्वी अकारविल्हे यायचं ते विस्कळीत येईल, तिथं 'ऑर्डर बाय' लिहा. 'रँक' आणि 'ग्रुप्स' हे आता राखीव शब्द आहेत. कापसाच्या प्रतीच्या स्तंभाला 'रँक' नाव दिलं असेल तर ते उलट्या अवतरणात घालावं लागेल. नवीन टेबल कराल तर कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचा नियम) स्पष्ट लिहा. ८.० चं मूळ कोलेशन वेगळं आहे, जुन्या टेबलाशी जोडताना 'इल्लिगल मिक्स ऑफ कोलेशन्स' अशी चूक येते.

वऱ्हाडी_टक्स

काटापट्टी छापायची फाईल '/टीएमपी'त लिहून क्रॉननं प्रिंटरले पाठवत असाल तर ते चालणार नाही. १८.०४ पासून अपाचेले त्याची स्वतःची खासगी '/टीएमपी' मिळते. पीएचपी म्हणते फाईल लिहिली, क्रॉन म्हणते फाईलच नाही, दोघंही खरं बोलतात. '/व्हार/लिब/काटापट्टी' असं फोल्डर करा, मालकी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'ले द्या, आणि दोन्हीकडे तोच रस्ता लिहा.

इंडिकेटरसाठी 'यूझरमॉड -एजी डायलआउट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' आणि मग अपाचे रीस्टार्ट. वायर 'टीटीवाययूएसबी०' या नावावर बांधू नका. कोणी दुसरी यूएसबी वायर लावली तर आकडा बदलते. '/डेव्ह/सिरीयल/बाय-पाथ' मधलं नाव वापरा आणि वायर त्याच भोकात ठेवा.

सर्व्हरवर कोणी डेस्कटॉप टाकलेला असेल तर 'ब्रलटीटीवाय' नावाचं ब्रेलचं पॅकेज आहे का पाहा. ते सीएच३४० चिपची वायर ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेते. 'डीमेसेज'मध्ये पोर्ट आला आणि लगेच सुटला असं दिसते. ब्रेल यंत्र लागत नसेल तर ते पॅकेज काढा. साध्या सर्व्हर आवृत्तीत ते नसते.

कपाशी_काटा

एक्सपीचं राहिलं. ते मशीन या हंगामात बदलता येणार नाही, हिशेबाचा प्रोग्राम त्याच्यावरच चालतो. नवीन सांबाशी जोडलं जाईल का?

धाम_नदी

मूळ मांडणीत नाही. सांबा ४.११ पासून फायली वाटायचा जुना प्रोटोकॉल एसएमबी१ बंद आहे, आणि एक्सपीला तेवढाच येतो. 'एसएमबी.कॉन्फ'च्या ग्लोबल भागात दोन ओळी लागतील: 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल = एनटी१' आणि 'एनटीएलएम ऑथ = एनटीएलएमव्ही१-परमिटेड'. पहिली दिली आणि दुसरी विसरली तर एक्सपी पुन्हापुन्हा पासवर्ड विचारत राहतं आणि माणूस पासवर्डच बदलत बसतो.

या ओळींनी सर्व्हर कमजोर होतो, म्हणून कुंपण घाला. 'होस्ट्स अलाव'मध्ये फक्त एक्सपीचा आयपी. 'यूएफडब्ल्यू'मध्ये १३९ आणि ४४५ हे पोर्ट फक्त त्याच आयपीसाठी खुले. एक्सपीला इंटरनेट अजिबात देऊ नका, त्याच्या नेटवर्क मांडणीतून गेटवे काढून टाका. सांबाचा युझर वेगळा करा, त्याला शेल नको, आणि फक्त त्या एकाच फोल्डरची परवानगी द्या. मशीन बदललं की दोन्ही ओळी त्याच दिवशी काढा.

पळसगाव_पतसंस्था

मध्येच विचारतो, आमच्याकडे सेंटओएस ७ आहे. 'यम अपडेट' दिलं की मिररलिस्ट सापडत नाही म्हणतं. हेच सगळं लागू होतं का?

पैनगंगा

सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, त्यानंतर मिररलिस्ट बंद झाली. 'यम.रेपोज.डी' मधल्या फाईलींत 'मिररलिस्ट'ची ओळ बंद करून 'बेसयूआरएल' व्हॉल्टकडे (जुन्या पॅकेजांच्या साठ्याकडे) वळवला की जुनी पॅकेजं मिळतील, पण सुरक्षेची नवीन दुरुस्ती मिळणार नाही. डंप, बाइटांची तपासणी आणि नवीन डिस्क, हे जसंच्या तसं लागू. पुढे अल्मालिनक्स किंवा रॉकी घ्या. पतसंस्थेच्या पैशाचा हिशेब आहे, वेगळा धागा काढा, सविस्तर बोलू.

मेळघाट

कपाशी_काटा, पोळ्याच्या आधी एक रंगीत तालीम कराच. कोणत्याही जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये २४.०४ टाका, आजचा डंप भरा, दुरुस्तीच्या ओळी चालवा, कोड जोडा. किती वेळ लागला ते प्रत्येक पायरीपुढे लिहून ठेवा. जो डंप परत भरून पाहिला नाही तो बॅकअप धरू नका.

जुळणी अशी करा. दोन्ही मशीनवर हंगामनिहाय 'काउंट', 'सम(निव्वळ_वजन)' आणि 'मॅक्स(पट्टी_क्रमांक)'. क्विंटलपर्यंतच नाही, किलोपर्यंत जुळलं पाहिजे. वजनाचा स्तंभ 'फ्लोट' असेल तर शेवटच्या दशांशात फरक दिसू शकतो. तो 'डेसिमल(१०,२)' करा, पण जुळणी झाल्यावर, आधी नाही. मग मागच्या हंगामातल्या वीस छापील काटापट्ट्या काढा, वेगवेगळ्या महिन्यांतल्या, आणि नवीन मशीनवरून तीच पट्टी छापून शेजारी ठेवा. नाव, गाव, भरती, रिकामी, निव्वळ, तारीख.

कपाशी_काटा

तालीम झाली. डंप भरायला ४० मिनिटं, दुरुस्तीला १२. वीसपैकी अठरा पट्ट्या जुळल्या. दोन पट्ट्यांत गावाचं नाव अर्धं आहे, शेवटची अक्षरं तुटलेली. जुन्या मशीनवरही ती तशीच आहेत, डंपमुळे झालेलं नाही.

मेळघाट

दुहेरी कोंडल्याचाच परिणाम आहे. स्तंभ 'व्हारकॅर(३०)' असेल तर दुहेरी डेटात एका देवनागरी अक्षराला तीन जागा जातात, म्हणजे दहाच अक्षरं मावतात. 'सुन्ना'पर्यंत ठीक, 'पिंपळखुटी बुद्रुक' तुटतं. तुटलेलं नाव दुरुस्तीच्या ओळीने परत येत नाही. उलट शेवटचं अक्षर मधेच कापलेलं असेल तर 'कन्व्हर्ट' अख्ख्या नोंदीला नल करू शकतं किंवा चूक देऊन थांबतं, म्हणून ती नोंद आधी वेगळी काढा: 'व्हेअर कॅर_लेंग्थ(गाव) = ३०'. जेवढ्या निघतील त्यांची यादी छापा आणि खरेदी रजिस्टर शेजारी घेऊन हाताने भरा. स्तंभ 'व्हारकॅर(१००)' करून घ्या.

कपाशी_काटा

६३ नोंदी निघाल्या. रजिस्टर आहे, या आठवड्यात भरून घेतो. पोळ्याच्या दिवशी सकाळी जुनी डिस्क काढतो.

पैनगंगा

जुन्या डिस्कवर मार्करने तारीख आणि 'पुसू नये' असं लिहा. नवीन मशीन सुरू झाल्यावर पहिले तीन दिवस छापील पट्टीबरोबर कागदी रजिस्टरही भरा. जुन्या डिस्कवर परत जायची वेळ आली तर त्या तीन दिवसांच्या नोंदी तिथूनच येतील. आणि 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' चालू ठेवा, पण 'ऑटोमॅटिक-रीबूट' 'फॉल्स' असू द्या. भरलेली गाडी काट्यावर उभी असताना सर्व्हर स्वतःहून रीबूट व्हायला नको. रीबूट रविवारी सकाळी, हाताने.